दुसरी फायबर जोडायची आहे. स्पॅनिंग ट्री चालू ठेवावं की बंद?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इथे नेटवर्किंगमधले बरेच जाणकार आहेत म्हणून धागा काढतोय. जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयात सिस्टीमचं काम बघतो. मांडणी अशी: मुख्य इमारतीत सर्व्हर रूम, तिथे कोअर स्विच, म्हणजे सगळ्यांचा मधला मुख्य स्विच. वर्कशॉप आणि ग्रंथालय या दोन वेगळ्या इमारती. दोन्हीकडे एकेक मोठा मॅनेज्ड (सेटिंग करता येणारा) स्विच आणि तिथून कोअरपर्यंत एकेक गिगाबिट फायबर. त्यांच्या खाली लॅबचे स्विच आणि सगळ्यात शेवटी टेबलाखाली ज्याने-त्याने आणून ठेवलेले आठ पोर्टांचे साधे अनमॅनेज्ड डबे.

गेल्या सत्रात परीक्षेचे फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशीच अख्खं नेट बसलं. सर्व्हर रूममध्ये गेलो तर कोअरवरचे सगळे दिवे एका लयीत, जवळजवळ अखंड पेटलेले. गेटवेला पिंग जाईना, आयपी फोन मुके, बायोमेट्रिक हजेरी बंद. स्विचमध्ये लॉगिन करायला गेलं की पासवर्ड टाकेपर्यंत सेशन तुटायचं. कन्सोल केबल लावून लॉग पाहिला, तर एकच मॅक अ‍ॅड्रेस (यंत्राचा हार्डवेअर पत्ता) या पोर्टवरून त्या पोर्टवर उड्या मारतोय अशा ओळींचा नुसता पाऊस. शेवटी एकेक अपलिंक उपसत गेलो. ग्रंथालयाची फायबर काढली आणि बाकीचं कॉलेज जिवंत झालं. मग तिथून खाली शोधत एका लॅबपर्यंत पोचलो. टेबलं हलवताना कोणीतरी लोंबकळणारी पॅच कॉर्ड उचलून त्याच डब्याच्या मोकळ्या पोर्टात खोचली होती. एका केबलची दोन्ही टोकं एकाच डब्यात!

आता मुद्दा. वर्कशॉप ते ग्रंथालय अशी नवी फायबर टाकून झाली आहे. म्हणजे तिन्ही इमारतींचा त्रिकोण होईल आणि एखादी फायबर तुटली तरी काम चालू राहील. पण एएमसीवाला (वार्षिक देखभालीचा ठेकेदार) म्हणतो, "ही तिसरी फायबर जोडू नका, लूप होईल. गरज पडली की हाताने लावा. आणि ते एसटीपी आधी बंद करा, त्याने नेट स्लो होतं." (एसटीपी म्हणजे स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल, जादाची लिंक थांबवून लूप टाळायची स्विचमधली सोय.) मला हे पटत नाही, पण ठामपणे खोडून काढण्याइतका माझा अभ्यास नाही. स्विच दोन कंपन्यांचे आहेत. कोअर आणि वर्कशॉप सिस्कोचे, बाकीचे दुसऱ्या कंपनीचे. काय करावं?

जुना_गडी

फायबर जरूर जोडा. एसटीपी अजिबात बंद करू नका. आणि रूट, म्हणजे एसटीपीच्या झाडाच्या मुळाशी बसणारा स्विच, कोण असणार हे स्विचवर सोडू नका, तुम्ही ठरवा. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. आता कारणं सांगतो, म्हणजे एएमसीवाल्याशी बोलताना हाताशी राहतील.

लूपने एवढा कहर का होतो? आयपी पॅकेटच्या डोक्यावर टीटीएल असतो. प्रत्येक राउटर तो एकने कमी करतो आणि शून्य झाला की पॅकेट टाकून देतो. म्हणजे राउटिंगमध्ये चूक झाली तरी पॅकेट कधीतरी मरतं. स्विच ज्या पाकिटात डेटा पाठवतो त्या इथरनेट फ्रेममध्ये असं काहीच नाही. स्विचला ब्रॉडकास्ट फ्रेम मिळाली की ज्या पोर्टवरून आली तो सोडून बाकी सगळ्या पोर्टांवर तो ती पाठवतो. वर्तुळ असेल तर ती फिरून परत येते, परत पाठवली जाते, आणि केबल उपसेपर्यंत हे थांबत नाही. तुमच्या लॅबमधल्या एखाद्या पीसीने गेटवेचा पत्ता विचारायला एक एआरपी पाठवला असेल. तेवढा पुरतो. ६४ बाइटच्या फ्रेम गिगाबिट लिंकवर सेकंदाला जास्तीत जास्त १४ लाख ८८ हजार जाऊ शकतात, आणि लूप तो आकडा गाठायला वेळ लावत नाही.

तुम्हाला लॉगिन का करता आलं नाही तेही यातच आलं. ब्रॉडकास्ट सगळ्यांसाठी असते, म्हणून स्विचच्या सीपीयूलाही ती वाचावी लागते. लाखो एआरपी अंगावर आल्यावर त्याला तुमच्या टेलनेटकडे बघायला सवड कुठून मिळणार! शिवाय तीच फ्रेम कधी या बाजूने तर कधी त्या बाजूने येते, त्यामुळे पाठवणारा नक्की कुठे आहे हे मॅक टेबलला ठरवता येत नाही. तुमच्या लॉगमधल्या उड्या त्याच.

हे टाळायची युक्ती रेडिया पर्लमन यांनी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये असताना शोधली आणि १९८५मध्ये निबंधात मांडली. त्या निबंधात अल्गोरिदमचं सार त्यांनी चक्क कवितेत दिलं आहे. मला त्यातलं सगळ्यात सुंदर वाटतं ते हे, की कुठल्याही ब्रिजला (म्हणजे आजच्या भाषेत स्विचला) पूर्ण नेटवर्कचा नकाशा लागत नाही. प्रत्येक पोर्टवर ऐकलेला सगळ्यात चांगला निरोप लक्षात ठेवला की काम झालं. नेटवर्क कितीही वाढलं तरी ब्रिजला लागणारी मेमरी वाढत नाही. १९९०मध्ये हे आयईईई ८०२.१डी म्हणून प्रमाण झालं.

आता तुमचा त्रिकोण घेऊ. प्रत्येक स्विच दर दोन सेकंदांनी बीपीडीयू नावाचा छोटा निरोप पाठवतो: "मी अमुक, माझ्या मते रूट तमुक, तिथपर्यंतचा माझा खर्च इतका." ज्याचा ब्रिज आयडी सगळ्यात लहान तो रूट. ब्रिज आयडी म्हणजे आधी प्रायॉरिटी आणि ती सारखी असेल तर मॅक अ‍ॅड्रेस. कोणी हात लावला नसेल तर प्रायॉरिटी सगळीकडे ३२७६८ असते, म्हणजे निकाल मॅकवर लागतो. एकाच कंपनीच्या स्विचमध्ये सहसा जुन्या मालाचा मॅक लहान असतो. त्यामुळे कित्येक ठिकाणी कोपऱ्यातला सगळ्यात म्हातारा स्विच रूट होऊन बसलेला असतो आणि कोणाला पत्ता नसतो.

समजा तुमच्याकडे ग्रंथालयाच्या लॅबमधला जुना १०० मेगाबिटचा स्विच रूट झाला. लिंक जितकी वेगवान तितका खर्च कमी: जुन्या तक्त्यात १०० मेगाबिटचा खर्च १९ आणि गिगाबिटचा ४. ग्रंथालयाच्या स्विचचा रूटपर्यंतचा खर्च १९. कोअर ग्रंथालयामार्गे जाणार, १९ अधिक ४ म्हणजे २३. वर्कशॉपही नव्या फायबरने ग्रंथालयामार्गे जाणार, तोही २३. मग बंद कुठली लिंक पडणार? कोअर ते वर्कशॉप! म्हणजे तुमची मूळ, सरळ फायबर निजून राहील आणि वर्कशॉपचा सगळा डेटा ग्रंथालयाला वळसा घालून सर्व्हर रूममध्ये जाईल. कोणी तक्रार केली की एएमसीवाला म्हणणार, बघा, एसटीपीने स्लो केलं. त्यात एसटीपीचा दोष नाही. रूट कोणीच न ठरवल्याचा तो परिणाम आहे.

कोअरला ४०९६ द्या, ग्रंथालयाला ८१९२ द्या. आकडा ४०९६च्या पटीतच घेतला जातो. आता कोअर रूट, दोन्ही इमारती आपापल्या सरळ फायबरने ४ खर्चात पोचतात, आणि वर्कशॉप-ग्रंथालय लिंकवर बरोबरी होते. बरोबरीत लहान ब्रिज आयडीवाला जिंकतो, म्हणजे ग्रंथालय. त्यामुळे वर्कशॉपकडचं टोक थांबून राहतं. लिंकचा दिवा पेटलेलाच असेल, बीपीडीयू ऐकले जातील, फक्त डेटा जाणार नाही. कोअरची एखादी फायबर तुटली की तेच टोक आपोआप उघडतं. "गरज पडली की हाताने लावा" यातली गरज रात्री दोन वाजता पडते, हे त्यांना सांगा.

निशिगंधा

गडीकाकांशी सहमत. "एसटीपीने स्लो होतं" हा समज कुठून आला ते सांगते, कारण तो अगदीच हवेतला नाही.

जुन्या ८०२.१डीमध्ये पोर्ट वर आला की आधी १५ सेकंद नुसतं ऐकायचं, मग १५ सेकंद मॅक शिकायचे आणि मग डेटा सोडायचा. पीसी चालू केला की अर्धा मिनिट पोर्ट मुका. तेवढ्यात विंडोजचा डीएचसीपी (आपोआप आयपी पत्ता मागून घेणारी सोय) दमतो आणि १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता घेऊन बसतो. लोक म्हणतात नेट नाही. कोणीतरी एसटीपी बंद करून पाहतं, पीसीला लगेच पत्ता मिळतो आणि तोडगा सापडला म्हणून ती सवय सगळीकडे पसरते. बिघाडानंतर सावरायलाही वेळ लागायचा: थेट लिंक तुटली नसेल तर आधी २० सेकंद जुनी माहिती शिळी होण्याची वाट, वर हे ३०. एकूण ५०.

दुसरं कारण कमी लोकांना माहीत असतं. एखादा पोर्ट वर आला की एसटीपी ते "रचना बदलली" असं धरून सगळ्या नेटवर्कला कळवतं आणि मॅक टेबलची मुदत ३०० सेकंदांवरून १५वर आणली जाते. ज्या लॅबमध्ये दिवसभर पन्नासेक पीसी चालू-बंद होतात तिथे टेबल सतत पुसलं जातं, आणि माहीत नसलेल्या पत्त्याची फ्रेम सगळीकडे पसरवावी लागते. हे खरंच जाणवतं.

दोन्हींवर औषध एकच: पीसी, प्रिंटर, फोन यांचे पोर्ट एज म्हणून जाहीर करा. सिस्कोवर त्याला पोर्टफास्ट म्हणतात. असा पोर्ट लगेच डेटा सोडतो आणि त्याच्या चालू-बंद होण्याने कोणाचं टेबल पुसलं जात नाही.

आणि मुळात जुनं एसटीपी वापरायचं कारणच उरलेलं नाही. रॅपिड आवृत्ती, ८०२.१डब्ल्यू, २००१मध्ये आली. २००४च्या ८०२.१डीमध्ये तीच मुख्य झाली आणि जुनी काढून टाकली. तीत शेजारी-शेजारी स्विच आपसात प्रस्ताव आणि होकार देऊन लिंक उघडतात, घड्याळ बघत बसत नाहीत. फुल डुप्लेक्स (दोन्ही दिशांनी एकाच वेळी चालणाऱ्या) लिंकवर हे सहसा एका सेकंदाच्या आत होतं. डुप्लेक्स चुकून हाफ झाला असेल तर मात्र ती लिंक पुन्हा जुन्या संथ चालीने जाते, तेवढं तपासा.

दोन कंपन्यांचे स्विच हा तुमच्या प्रश्नातला खरा नाजूक भाग आहे. सिस्को मुळात प्रत्येक व्हीलॅनसाठी (एकाच स्विचवर केलेल्या वेगळ्या आभासी नेटवर्कसाठी) वेगळं झाड चालवतो. दुसऱ्या कंपनीच्या स्विचला त्यातलं फक्त व्हीलॅन १चं कळतं. बाकी व्हीलॅनचे बीपीडीयू तो साधा मल्टिकास्ट (एका गटासाठीची फ्रेम) समजून पुढे ढकलतो. चालतं, पण कुठल्या व्हीलॅनमध्ये कुठला पोर्ट थांबलाय हे ओळखणं डोकेदुखी होते. त्यात खर्चाचे तक्ते दोन आहेत. जुन्यात गिगाबिट म्हणजे ४, नव्यात २०,०००. अर्धे स्विच एक तक्ता आणि अर्धे दुसरा वापरायला लागले तर ज्या वाटेवर नव्या तक्त्यातला एखादा स्विच येतो ती उगाचच महाग ठरते. सगळीकडे एमएसटीपी लावा, म्हणजे अनेक व्हीलॅन मिळून एक झाड चालवणारी रॅपिडचीच प्रमाणित आवृत्ती. तुमच्या आकाराला एकच झाड पुरे, सगळे व्हीलॅन इन्स्टन्स शून्यमध्येच (मुळातल्या झाडातच) राहू द्या. रीजनचं (एकाच सेटिंगने चालणाऱ्या स्विचच्या गटाचं) नाव आणि रिव्हिजन नंबर प्रत्येक स्विचवर अक्षर न् अक्षर सारखं हवं, एवढं पथ्य पाळा.

वायरमन_चाकण

कारखान्याच्या बाजूने दोन शब्द. आमच्याकडे मशीन लाइनवर स्विच रिंगमध्ये जोडतात, कारण केबल ट्रेमधून एकच दोरी पुढच्या पॅनेलला नेणं सोपं पडतं. एका रिंगमध्ये वीस-पंचवीस स्विच सहज असतात. तिथे साधं एसटीपी चालत नाही राव. मूळ टाइमर धरून स्विचची रांग सातपर्यंत असावी असं गणित आहे, आणि पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर) आपल्या आय/ओची, म्हणजे सेन्सर-मोटरकडच्या सिग्नलची, वाट सेकंदभरही बघत नाही, लाइन थांबते. म्हणून एमआरपी हा खास रिंगसाठीचा प्रोटोकॉल वापरतो. आयईसी ६२४३९-२ हे त्याचं मानक. एक स्विच मॅनेजर असतो, तो आपला एक पोर्ट बंद ठेवून रिंगभर चाचणीच्या फ्रेम सोडत राहतो. त्या परत आल्या नाहीत की रिंग तुटली असं समजून पोर्ट उघडतो. ५० स्विचच्या रिंगलाही २०० मिलिसेकंदांची हमी देता येते. त्याहून कडक काम असेल तर पीआरपी आणि एचएसआर आहेत, त्यात फ्रेम दोन वाटांनी एकदमच जाते, सावरायला वेळच लागत नाही.

पण एक लक्षात ठेवा, रिंगच्या पोर्टांवर एमआरपी आणि एसटीपी एकत्र ठेवायचं नाही. आणि रिंग ऑफिसच्या नेटवर्कला एकाच जागी जोडायची. एका कंपनीत आयटीवाल्यांनी सोयीसाठी रिंगमधल्या आणखी एका स्विचला ऑफिसची केबल दिली होती. रिंगच्या मॅनेजरला वाटतं माझी रिंग ठीक, ऑफिसच्या एसटीपीला वाटतं माझं झाड ठीक. दोघांच्या मधून जो लूप गेला तो दोघांनाही दिसला नाही. अख्खी शिफ्ट गेली त्यात.

तुमच्या तीन इमारतींना रॅपिड किंवा एमएसटीपी भरपूर झालं. आमचं हत्यार तुम्हाला लागत नाही.

दूरदेशी

थोडा वेगळा सूर लावतो. मी इथे परदेशात मोठी नेटवर्कं बघतो आणि माझं स्पष्ट मत आहे की इमारती-इमारतींमध्ये एसटीपीवर विसंबणं हीच जुनी पद्धत झाली. प्रत्येक इमारतीचा स्विच लेयर ३ करा (म्हणजे तो राउटरसारखा आयपी पत्ता बघून डेटा पाठवेल), मधल्या लिंक राउटेड ठेवा, वाटा आपोआप ठरवणारा ओएसपीएफ चालवा. तिन्ही फायबर एकाच वेळी कामाला येतात, कुठलीही निजून राहत नाही, आणि ग्रंथालयातला लूप ग्रंथालयातच राहतो. ते परवडत नसेल तर कोअरला दोन स्विचचा स्टॅक (दोन मिळून एकच स्विच) आणि प्रत्येक इमारतीला दोन फायबर एकत्र बांधणारा एलएसीपी गट. एसटीपीच्या दृष्टीने ती एकच लिंक, थांबवायला काही उरतच नाही.

एसटीपीवर वाढत गेलेलं नेटवर्क कसं कोसळतं याचं जगजाहीर उदाहरण म्हणजे बोस्टनचं बेथ इस्रायल डीकनेस रुग्णालय, नोव्हेंबर २००२. वर्षानुवर्षं स्विचला स्विच जोडत जाऊन रांग सातच्या मर्यादेपलीकडे गेली होती. एका संशोधकाच्या प्रचंड डेटाने लिंक भरल्या, बीपीडीयू वेळेवर पोचेनात, बंद पोर्ट उघडू लागले आणि लूप सुरू झाले. काही दिवस रुग्णालय कागदावर चाललं: तपासण्या, औषधं, सगळं हाताने लिहून माणसांनी पोचवायचं. सिस्कोला माणसं आणि यंत्रसामग्री घेऊन यावं लागलं. तिथले माहिती विभागाचे प्रमुख जॉन हलामका यांनी हे लपवलं नाही, दुसऱ्यांना शिकता यावं म्हणून जाहीरपणे मांडलं. त्याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

डेटा सेंटरवाल्यांनी तर एसटीपी केव्हाच मागे टाकलं. त्याच्या जागी ट्रिल आलं, २०१२मध्ये ८०२.१एक्यू आलं, आता व्हीएक्सलॅन. गंमत म्हणजे ट्रिलच्या मागेही पर्लमनच होत्या. आपल्याच शोधाची मर्यादा त्यांना सगळ्यात आधी दिसली.

जुना_गडी

@दूरदेशी, मांडणीबद्दल वाद नाही. लेयर ३ करता आलं तर उत्तमच, आणि बोस्टनचं उदाहरण चपखल आहे. पण दोन गोष्टी.

कृष्णाकाठ यांच्या कॉलेजात व्हीलॅन तिन्ही इमारतींत पसरलेले असणार. हजेरीची यंत्रं, कॅमेरे, फोन. ते सगळं इमारतवार तोडायचं तर पत्ते बदला, डीएचसीपी रिले लावा, कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरमध्ये नव्याने भरा. हे सुट्टीत नीट योजना आखून करायचं काम आहे. फायबर आज तयार आहे.

दुसरी जास्त महत्त्वाची. लूप झाला होता तो कुठे? टेबलाखालच्या डब्यात. इमारतींमध्ये ओएसपीएफ असता तरी ती लॅब आणि ते ग्रंथालय बसलंच असतं. माणसाचा हात जिथे पोचतो तिथे लेयर २च (राउटर नसलेला, नुसत्या स्विचचा भाग) असतो आणि तिथे लूप होणारच. बोस्टनमधूनही मी हेच घेतो, की रांग आखडती ठेवा आणि झाडाचा आकार आपल्या हातात ठेवा. एसटीपी बंद असतं तर ते नेटवर्क २००२पर्यंतही टिकलं नसतं.

दूरदेशी

हे मान्य. राउटेड मांडणीतही अ‍ॅक्सेस स्विचवर मी एसटीपी चालूच ठेवतो. बंद करा असं माझं कधीच म्हणणं नाही.

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. गडीकाका, तुमचं वाचून लगेच "शो स्पॅनिंग-ट्री रूट" मारून पाहिलं. रूट कोअर नाहीच! ग्रंथालयाच्या बाजूचाच एका लॅबमधला जुना स्विच निघाला. तुम्ही नुसत्या अंदाजाने लिहिलं होतं ते तंतोतंत.

एक शंका उरते. लॅबच्या स्विचवर एसटीपी तेव्हाही चालू होतं. मग डब्यातला लूप त्याने का पकडला नाही? स्विचमध्ये बीपीडीयू गार्ड म्हणून सोय दिसते, ती लावली तर पकडेल का?

निशिगंधा

फार योग्य प्रश्न, आणि उत्तर डब्यावर अवलंबून आहे.

तुमचा मॅनेज्ड स्विच त्या डब्याकडे बीपीडीयू पाठवतो. त्याचा पत्ता ठरलेला असतो, ०१-८०-सी२-००-००-००. काही साधे डबे तो इतर मल्टिकास्टसारखाच सगळ्या पोर्टांवर पसरवतात. मग डब्यातल्या लूपमधून तोच बीपीडीयू फिरून तुमच्या स्विचच्या त्याच पोर्टवर परत येतो. स्वतःचाच निरोप परत ऐकू आला की काहीतरी गडबड आहे हे स्विचला कळतं. बीपीडीयू गार्ड असेल तर कुठलाही बीपीडीयू आला की पोर्ट तिथल्या तिथे बंद. फक्त त्या टेबलाचं नेट जातं, कॉलेज चालू राहतं.

पण मानकाप्रमाणे हा पत्ता ब्रिजने पुढे पाठवायचाच नसतो. काही डबे ते पाळतात आणि बीपीडीयू गिळून टाकतात, स्वतः मात्र एसटीपी चालवत नाहीत. मग तुमच्या स्विचला सगळं शांत दिसतं आणि लूप मागे धुमाकूळ घालत असतो. तुमच्याकडे बहुधा हेच झालं असणार, किंवा कोणीतरी त्या पोर्टवर बीपीडीयू फिल्टर लावलेला असेल. तो असला तर आधी काढा. एज पोर्टवर बीपीडीयू ना पाठवायचे ना ऐकायचे अशी आज्ञा म्हणजे त्या पोर्टापुरतं एसटीपी बंदच.

म्हणून एकट्या बीपीडीयू गार्डवर थांबू नका. बहुतेक कंपन्यांच्या स्विचमध्ये लूप डिटेक्शन असतं. ते वेगळ्या पत्त्याची फ्रेम सोडतं, जी असे डबेही पुढे ढकलतात. ते लावा. आणि प्रत्येक एज पोर्टवर स्टॉर्म कंट्रोल, म्हणजे येणाऱ्या ब्रॉडकास्टवर मर्यादा. ब्रॉडकास्टला सुरुवातीला १ टक्का मर्यादा ठेवा. गिगाबिट पोर्टवर तेही १० मेगाबिट होतं, साध्या लॅबला खूप झालं. मर्यादा ओलांडली की नुसतं गाळायचं की पोर्ट बंद करायचा हे निवडता येतं. मी बंद करणं पसंत करते, म्हणजे तक्रार येते आणि डबा सापडतो.

बंद झालेला पोर्ट आपोआप उघडायची सोय सिस्कोवर मुळात बंद असते. चालू केली तर दर ३०० सेकंदांनी तो पुन्हा प्रयत्न करतो. लूप तसाच असेल तर पुन्हा बंद होतो. एकट्याने सगळं कॉलेज सांभाळणाऱ्याला हे बरं पडतं.

इमारतींच्या स्विचवर लॅबकडे जाणाऱ्या पोर्टांना रूट गार्डही लावा. उद्या कोणी प्रकल्पासाठी जुना स्विच आणून शून्य प्रायॉरिटीने जोडला तरी त्याला रूट होता येणार नाही. वर्कशॉप-ग्रंथालय लिंकवर मात्र रूट गार्ड नको, अडचणीत तीच वाट रूटकडे नेणारी असते.

सह्यकडा

वाचनखूण साठवली. आमच्या ऑफिसमध्ये दोनदा लूप झाला, दोन्ही वेळा आयपी फोनमुळे. फोनला दोन पोर्ट असतात, एक भिंतीकडे आणि एक पीसीसाठी. जागा बदलताना पीसी उचलून नेला आणि मागे राहिलेली केबल कोणीतरी शेजारच्या आय/ओ बॉक्समध्ये (भिंतीतल्या नेटवर्क सॉकेटमध्ये) खोचली. झाला लूप, भिंतीतून फोनमध्ये आणि फोनमधून परत भिंतीत. बीपीडीयू गार्ड लावल्यापासून फक्त तो फोन बंद पडतो आणि माणूस आमच्याकडे येतो.

जुना_गडी

कृष्णाकाठ, कामाचा क्रम चुकवू नका. नवी फायबर सगळ्यात शेवटी जोडायची. संध्याकाळी कॉलेज सुटल्यावर बसा, कारण मोड बदलताना प्रत्येक स्विच थोडा वेळ डेटा थांबवतो. कन्सोल केबल जवळ ठेवा आणि सगळ्या स्विचची कॉन्फिग आधी उतरवून घ्या. कोअरपासून सुरू करा: एमएसटीपी, रीजन, रिव्हिजन, प्रायॉरिटी. मग ग्रंथालय, मग वर्कशॉप, मग लॅब. प्रत्येक स्विचवर जाऊन रूट आणि रीजनल रूट (त्या रीजनपुरता रूट) अशा दोन्ही जागी कोअरचाच मॅक दिसतोय ना ते बघा. एकावर जरी वेगळा दिसला तर पुढे जाऊ नका. रीजनल रूट वेगळा दिसला तर बहुतेक वेळा रीजनच्या नावात कॅपिटल-स्मॉलचा फरक किंवा एखादी जादाची स्पेस निघते.

मग फायबर लावा. वर्कशॉपचा तो पोर्ट "अल्टरनेट, डिस्कार्डिंग" (पर्यायी वाट, डेटा थांबवलेला) दिसला पाहिजे. दिसला की थांबू नका, तपासून बघा. वर्कशॉपमधल्या एका पीसीवरून गेटवेला अखंड पिंग लावा आणि वर्कशॉपची कोअरकडची फायबर उपसा. नंतर ती लावून ग्रंथालयाची उपसा. न तपासलेली दुसरी वाट ही वाट नव्हेच.

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

केलं! गडीकाका म्हणाले तसंच. रीजनच्या नावात एका लॅब स्विचवर स्मॉल लेटर पडलं होतं, ते सापडलं आणि मग सगळीकडे रीजनल रूटही कोअरच दिसू लागला. फायबर उपसल्यावर एक पिंग चुकला, पुढे सुरळीत. ग्रंथालयाची उपसली तेव्हाही तेवढंच. प्राचार्यांना उभं करून दाखवलं, तेही बघत राहिले. टेबलाखालच्या डब्यांची यादी करून जमतील तेवढे काढतोय. उरलेल्यांच्या पोर्टांवर निशिगंधाताईंनी सांगितलेलं सगळं लावलंय.

एक बारीकशी गोष्ट खटकते. नव्या फायबरच्या वर्कशॉपकडच्या एसएफपीवर (स्विचमध्ये बसणाऱ्या फायबरच्या मॉड्यूलवर) येणारा प्रकाश बराच कमी दाखवतोय. लिंक चालू आहे. काही धोका?

वायरमन_चाकण

आहे, आणि तो नेमका याच टोकाला आहे. फायबरच्या जोडीत एक तार पाठवायची, एक घ्यायची. वर्कशॉपकडे येणारी तार कधी मेली आणि लिंक तरी वर राहिली, तर थांबलेल्या पोर्टला ग्रंथालयाचे बीपीडीयू ऐकू येणं बंद होईल. रॅपिडमध्ये तीन निरोप चुकले, म्हणजे ६ सेकंद गेले, की तो समजणार पलीकडे कोणी नाही, आणि उघडणार. ग्रंथालयाच्या दिशेने जाणारी तार जिवंत आहे. मग एकाच दिशेने फिरणारा लूप तयार.

आधी दोन्ही टोकांचे कनेक्टर पुसा, नव्या कामात निम्म्या वेळा धूळच असते. तरी कमी दाखवलं तर ज्याने स्प्लाइस (फायबरची जोडणी) केलं त्याला ओटीडीआर (फायबरमधला दोष शोधायचं यंत्र) घेऊन बोलवा, बिल देण्याआधी. एसएफपीच्या पोर्टवर ऑटो-निगोशिएशन (दोन्ही टोकांनी आपसात लिंकची सेटिंग ठरवणं) चालूच ठेवा, कोणी स्पीड फिक्स केला असेल तर काढा. गिगाबिट फायबरवर एक तार मेली की ऑटो-निगोशिएशनमुळे दोन्ही बाजूंना लिंक खाली येते आणि पुढचा घोळ टळतो. वर्कशॉपच्या त्या पोर्टवर लूप गार्ड लावा. निरोप थांबले तर तो पोर्ट उघडण्याऐवजी अडवून धरतो.

निशिगंधा

+१. आणि लूप गार्ड वर्कशॉपच्या कोअरकडच्या पोर्टलाही लावा, तसाच ग्रंथालयाच्या कोअरकडच्या पोर्टला. सिस्कोवर एकाच पोर्टला रूट गार्ड आणि लूप गार्ड दोन्ही चालत नाहीत, एक लावलं की दुसरं निघतं. म्हणून वर जाणाऱ्या आणि मधल्या लिंकवर लूप गार्ड, लॅबकडे उतरणाऱ्यांवर रूट गार्ड.